मृत्युपत्र, न्यास, विश्वस्त वगैरे: हे कॉलेजात शिकता येतं का?

चिंचोका

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

मी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे, सातारा जिल्ह्यातला. घरून 'सीए कर' चालू आहे. पण गेल्या वर्षात दोन गोष्टी घडल्या आणि डोक्यात भलताच किडा शिरला.

एक, आजोबा गेले. मृत्युपत्र नाही. सातबाऱ्यावर आधीच नऊ नावं होती, आता वारस नोंदीनंतर चौदा झाली. त्यातल्या दोन आत्यांना हक्कसोडपत्रावर सह्या करायला बोलावलं तेव्हा धाकटी आत्या म्हणाली, "आधी मला वाचून दाखवा." घरात तीन दिवस कुणी कुणाशी बोललं नाही.

दोन, आजोबांनी १९६२ साली गावात वाचनालय काढलं होतं, नोंदणीकृत संस्था. छप्पर दुरुस्तीला एक देणगीदार मिळाला, त्याने विश्वस्तांची अधिकृत यादी मागितली. काकांनी धर्मादाय कार्यालयातून शेड्यूल वन (संस्थेच्या नोंदीचा अधिकृत उतारा) काढून आणलं. सात विश्वस्त. त्यातले सहा वारलेले, सातव्याचा पत्ता कुणालाच नाही. म्हणजे कागदोपत्री आमचं वाचनालय स्वर्गातून चालतं.

तर प्रश्न असा: न्यासाचं (म्हणजे ट्रस्टचं) व्यवस्थापन आणि माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेचं काय करायचं याचं नियोजन, हा विषय म्हणून कुठल्या विद्यापीठात शिकवतात का? परदेशात यात पदव्या आहेत असं वाचलं. आपल्याकडे? आणि शिकून पोट भरतं का?

खडूस पेन्शनर

आमच्याकडे वारसा नियोजन म्हणजे थोरल्याने घर धरलं आणि धाकट्याने बांध कोरला. त्याला विद्यापीठ लागत नाही, रात्रीची वेळ लागते.

कोरमपूर्ती

स्वर्गातून चालणारं वाचनालय =)) पुस्तकं उशिरा परत केली तर दंड पुढच्या जन्मी का?

वसुधा_वकील

चिंचोका, प्रश्न चांगला आहे, जरा सविस्तर लिहिते. पुण्यात अठरा वर्षं हेच काम करते.

पहिली गोष्ट, तू ज्याला एक विषय समजतोयस ते आपल्याकडे तीन वेगवेगळ्या दारांमागे आहे. वाचनालय, शाळा, देऊळ, दवाखाना हे सार्वजनिक न्यास. त्यांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू (जुने लोक अजून 'बॉम्बे पब्लिक ट्रस्ट ॲक्ट'च म्हणतात). तिथे धर्मादाय आयुक्त आले, हिशेब आले, बदल अर्ज आले. कुटुंबासाठी केलेला खासगी ट्रस्ट वेगळा, त्याला १८८२ चा भारतीय न्यास अधिनियम, आणि धर्मादाय कार्यालयाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. तिसरं दार वारसा आणि मृत्युपत्राचं. १९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम, हिंदूंना शिवाय १९५६ चा हिंदू उत्तराधिकार अधिनियम, मुसलमानांचा स्वतःचा कायदा.

एलएलबीला हे सगळं येतं, पण विखुरलेलं. वारसा कौटुंबिक कायद्यात, मालमत्ता हस्तांतरण दुसरीकडे, आणि न्यासाचा पेपर आमच्या वेळी ऐच्छिक होता. वर्गातल्या साठांपैकी अकरा जणांनी घेतला होता. त्यातल्या सात जणांनी 'सोपा असतो' म्हणून.

तुमच्या वाचनालयाबद्दल: विश्वस्त मेला, बदलला, राजीनामा दिला, की ९० दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज टाकायचा असतो. गावोगावच्या संस्था टाकत नाहीत. निवडणुका होतात, सत्कार होतात, नारळ फुटतात, आणि शेड्यूल वन आहे तिथेच राहतं. मग तीस वर्षांनी जमीन विकायची वेळ आली, कलम ३६ ची परवानगी हवी झाली, की सगळे जागे होतात. तुमच्यासारख्या केसेस माझ्या कपाटात आत्ता चार आहेत, त्यामुळे एकटे पडलात असं समजू नका.

आधी तो सातवा माणूस शोधा.

गोळाबेरीज

मी सीए आहे, त्यामुळे घरच्यांच्या बाजूने बोलणार हे उघड आहे. पण खरंच सांगतो, सीए कर. संस्थांची ऑडिट्स, आयकर नोंदणी, कुटुंबांचे ट्रस्ट, सगळं आमच्याच टेबलावर येतं. मृत्युपत्र तर दोन पानांचं काम आहे, त्याला काय पदवी लागते? दोन साक्षीदार हवेत, साक्षीदार लाभार्थी नको (असला तर मृत्युपत्र रद्द), नोंदणी केली तर उत्तम. झालं.

वसुधा_वकील

गोळाबेरीज, या 'दोन पानांच्या कामा'वरच माझं घर चालतं, त्यामुळे तुमचे आभार :)

पण चूक दुरुस्त करते, कारण ही फार पसरलेली आहे. कलम ६७ प्रमाणे साक्षीदाराला किंवा त्याच्या जोडीदाराला दिलेलं तेवढं दान बाद होतं, अख्खं मृत्युपत्र नाही. आणि मुळात कलम ६७ हिंदूंना लागूच नाही. हिंदूंना १९२५ च्या कायद्यातली कोणती कलमं लागतात त्याची यादी तिसऱ्या परिशिष्टात आहे, त्यात ५९, ६१ ते ६४, मग एकदम ६८ असं आहे. ख्रिश्चन आणि पारशी अशिलांना मात्र हे कलम बरोबर लागतं.

आता गंमत अशी की कायद्याने चालत असूनही मी एकाही हिंदू अशिलाच्या लाभार्थीला साक्षीदार म्हणून सही करू देत नाही. कारण उद्या भांडण झालं की पहिला प्रश्न तोच येतो: ज्याला फ्लॅट मिळाला तोच सहीला हजर कसा? कायदा काय म्हणतो आणि न्यायाधीशाच्या मनात काय येतं यातलं अंतर पुस्तकात सापडत नाही.

गोळाबेरीज

परिशिष्ट उघडून बघितलं. बरोबर आहे तुमचं. वीस वर्षं लोकांना चुकीचं सांगत होतो.

टोमॅटोकेचप

धाग्यावर कुणीतरी चूक कबूल केली. स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

लीड्सकर

मी इंग्लंडमध्ये एका सॉलिसिटर फर्मच्या प्रोबेट (मृत्युपत्राला कोर्टाची मान्यता घेण्याच्या) विभागात काम करते, म्हणून दोन पैसे.

इथे हा पूर्ण वेळचा धंदा आहे. 'स्टेप' नावाची संस्था १९९१ पासून आहे, तिच्या पदविका असतात, नोकरी करता करता परीक्षा द्यायच्या. मी तशाच दिल्या. ट्रस्टचा हिशेब कसा लिहायचा, विश्वस्ताने गुंतवणूक कशी करायची, लाभार्थी अल्पवयीन असेल तर काय, सगळं त्यात असतं.

पण हे इथे का आहे ते समजून घ्या. इथे माणूस मेला की सरकार वाटेकरी होतं. ३,२५,००० पौंडांच्या वरच्या मालमत्तेवर साधारणपणे ४० टक्के. घराच्या किमती अशा की साध्या शिक्षकाचं कुटुंबही त्यात सापडतं. म्हणून माणसं जिवंतपणी सल्ला घ्यायला येतात. भारतात हा कर नाही, म्हणून विषय नाही, म्हणून अभ्यासक्रम नाही. एवढं सरळ आहे ते.

अवांतर: एप्रिल २०२५ पासून इथे नियम बदललेत. मागच्या वीसपैकी दहा वर्षं इथे राहिलात तर तुमचा कोथरूडचा फ्लॅटही हिशेबात धरला जाऊ शकतो. इथले मराठी मंडळवाले दिवाळीच्या फराळाला याच्यावरच बोलत होते, चकल्या बाजूला राहिल्या.

गोळाबेरीज

लीड्सकर, आपल्याकडेही होता की. संपदा शुल्क, १९५३ चा कायदा. वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत गेला होता. १९८५ साली विश्वनाथ प्रताप सिंह अर्थमंत्री असताना काढून टाकला. माझे गुरू सांगायचे की त्या काळात सीएंची एक अख्खी पिढी यावर जगली. ते गेलं आणि तो अभ्यासही गेला.

सातबारा_उतारा

लीड्सकर ताई, तुमचं म्हणणं निम्मं पटलं. मी महसुलात तीस वर्षं काढली, कोल्हापूरकडं. कर नाही म्हणून नियोजन नाही, हे शहरातल्या पैसेवाल्यांचं झालं. आमच्याकडं माणूस कराला नाही, भावाला भितो. सरकार एकदा घेतंय आणि मोकळं होतंय, भाऊ तीन पिढ्या सोडत नाही.

वारस नोंदीची वर्दी घेऊन येणारा माणूस बहिणींची नावं 'विसरायचा'. मी विचारायचो, बहीण किती? म्हणायचा, लग्न झालेल्या आहेत की. मी म्हणायचो, मेलेल्या नाहीत ना? मग घाला नावं. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलगी वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मानंच हिस्सेदार झाली, तरी २००१ साली बाप मेला होता, तिचं काय असले वाद चालूच. ते २०२० साली विनीता शर्मा निकालानं मिटलं, बाप २००५ ला जिता असायलाच पाहिजे असं नाही म्हणून. कागदावर मिटलं म्हणायचं. चावडीत नाही.

पोराच्या आत्यानं 'आधी वाचून दाखवा' म्हटलं ना, तिला माझा नमस्कार सांगा.

चिंचोका

सांगतो काका. तिने सही अजून केलेली नाही.

उंबरठा

बहिणींचा विषय निघालाय म्हणून लिहिते. माझी मावशी, विधवा, मूल नाही. मुंबईत तीस वर्षं नोकरी केली, स्वतःच्या पगारातून डोंबिवलीला फ्लॅट घेतला. शेवटची आठ वर्षं माझ्या आईने तिचं सगळं केलं. मावशी गेली, मृत्युपत्र नाही. आम्हाला वाटलं सख्खी बहीण म्हणजे वारस. नाही. फ्लॅट मावशीच्या दिराला गेला, जो हॉस्पिटलात एकदाही आला नव्हता. हिंदू उत्तराधिकार कायद्याचं कलम १५: बाई मृत्युपत्राशिवाय गेली आणि मुलं-नवरा नसेल, तर तिची कमाई आधी नवऱ्याच्या वारसांना. तिचे स्वतःचे आईबाप त्याच्या नंतर, भावंडं त्याहून मागे.

पुरुषाच्या बाबतीत असं नाही बरं. तो गेला तर त्याचं त्याच्याच माणसांना.

हे मला पदवीधर असून माहीत नव्हतं, आईला माहीत नव्हतं, मावशी बँकेत होती तिलाही माहीत नव्हतं. विद्यापीठात शिकवायचं तर वकिलांना कशाला, बारावीला सगळ्यांना शिकवा.

कडूकारले

उंबरठा, अंगावर काटा आला. मी एकटी राहते. हा प्रतिसाद वाचून उठले आणि कागद पेन घेतलं.

वसुधा_वकील

कडूकारले, कोरा कागद चालतो. स्टॅम्प पेपर लागत नाही, मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी सक्तीची नाही. तुमची सही, आणि दोन साक्षीदारांनी तुमच्यासमोर केलेल्या सह्या. साक्षीदार तुमच्यापेक्षा वयाने लहान घ्या, ते तुमच्यामागे उरले पाहिजेत. बाई म्हणून सांगते, आजच करा.

टोमॅटोकेचप

पण नॉमिनी टाकलाय की सगळीकडे. मग मृत्युपत्र कशाला?

गोळाबेरीज

हां, आता माझी पाळी. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तो पैसे घेणारा हात, घास कुणाच्या तोंडी जायचा ते वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवतं. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९८३ सालीच सांगितलं (२०१५ नंतर विम्यात आईवडील, जोडीदार, मुलं नॉमिनी असतील तर गणित बदललं आहे, ते लक्षात ठेवा). शेअर्स आणि म्युच्युअल फंडाबाबत वाद रेंगाळला होता, तो १४ डिसेंबर २०२३ ला निकाली निघाला. तो खटला कुणाच्या मालमत्तेचा होता माहितेय? कालनिर्णयकार जयंतराव साळगावकरांच्या. आणि त्यांनी मृत्युपत्र केलेलं होतं.

सोसायटीतल्या फ्लॅटचंही तेच. २०१९ च्या दुरुस्तीपासून नॉमिनी हा तात्पुरता सभासद, कायदेशीर वारस ठरेपर्यंत.

टोमॅटोकेचप

म्हणजे माझ्या बायकोला जे सांगून ठेवलंय ते सगळं चूक. आज जेवण मिळेल का शंका आहे.

माडाखाली

गोव्यातून. तुमचं ऐकून मजा वाटते, कारण आमच्याकडे बापाला मनात आलं म्हणून पोराला बेदखल करण्याची धमकी देता येत नाही. पोर्तुगीज नागरी संहिता १८६७ ची, तिची परंपरा. निम्मी मालमत्ता मुलांसाठी राखीव, मृत्युपत्राने फक्त उरलेल्या निम्म्याचं काय ते ठरवा. लग्नाच्या वेळी वेगळं काही लिहून घेतलं नाही तर नवरा-बायको संपत्तीत निम्मे-निम्मे. मुलगी-मुलगा भेद नाही, हिंदू-ख्रिश्चन भेद नाही. वारसा आणि मृत्युपत्राचे नियम आता २०१२ च्या गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आणलेत. मृत्युपत्र घरी कागदावर लिहून चालत नाही, नोटरीपुढे करायचं.

मात्र स्वर्ग आहे असं समजू नका. माणूस गेला की कोर्टात इन्व्हेंटरीची (मालमत्तेची यादी आणि वाटप) प्रक्रिया, सगळ्या वारसांना नोटिसा. आमच्या घराच्या इन्व्हेंटरीत एक वारस लिस्बनला, एक नैरोबीला, एक कुठे ते देवाला ठाऊक. घराचं छप्पर तोवर बसलं.

आणि देवळं! आमच्याकडे देवस्थान महाजनांचं, म्हणजे देवळाच्या मूळ घराण्यांचं असतं. १९३३ चा नियम, पोर्तुगीज काळातला, त्यावर अजून समित्यांच्या निवडणुका होतात. विश्वस्त म्हणून कुणी शिकून येत नाही, महाजन म्हणून जन्माला येतो.

खडूस पेन्शनर

माडाखाली, देवळांचं नाव काढलंत तर आता धागा दोनशेवर जाणार.

सातबारा_उतारा

देवळांचं म्हणाल तर आमच्याकडं पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समिती, तीन हजारांवर देवळं, त्यांच्या इनाम जमिनी. शिर्डीला स्वतःचा कायदा २००४ चा, सिद्धिविनायकाला १९८० चा, पंढरपूरला १९७३ चा. मोठ्या देवाला स्वतंत्र कायदा लागतोय, लहान देव धर्मादाय आयुक्तांकडं.

कोरमपूर्ती

आणि शेतातला म्हसोबा?

सातबारा_उतारा

तो पोटखराब्यात.

रानजाई

विषय भरकटायच्या आधी माझं लिहिते. हसण्यावारी नेऊ नका कृपया.

माझा मुलगा २४ वर्षांचा आहे, बौद्धिक अक्षमता आहे. आम्ही नवराबायको गेल्यावर त्याचं काय, हा प्रश्न तो चार वर्षांचा असल्यापासून उशाशी आहे. अठरा पूर्ण झाल्यावर कळलं की आता आम्ही त्याचे आपोआप पालक राहिलेलो नाही. राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ खाली स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालकत्व घ्यावं लागलं. समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. ते मिळालं, माणसं चांगली होती.

मग त्याच्यासाठी ट्रस्ट करायला गेलो. एका नावाजलेल्या सल्लागाराने चांगले पैसे घेऊन दस्त करून दिला. दोन वर्षांनी दुसऱ्या एकीला दाखवला तेव्हा कळलं, कुठल्या तरी शैक्षणिक संस्थेचा मसुदा उचलून त्यात माझ्या मुलाचं नाव घातलंय. 'समाजातील सर्व गरजूंसाठी' असं वाक्य तसंच राहिलेलं. विश्वस्त म्हणून माझा भाऊ, तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तो गेल्यावर कोण, याचं एक अक्षर नाही.

नवीन दस्त करताना त्या वकीलबाईंनी पहिल्या भेटीत कायद्याचं काहीच विचारलं नाही. विचारलं, "सकाळी उठल्यावर तो काय करतो? कोणाच्या हातचं खातो? पैसे हातात दिले तर काय करतो?" दीड तास हेच. मग दस्तात आलं: विश्वस्त तीन, त्यातला एक कायम चाळिशीच्या आतला, दर महिन्याचा खर्च थेट संस्थेला, भाऊबीजेला कपडे आणि एक सहल, आणि वर्षातून दोनदा विश्वस्ताने त्याला प्रत्यक्ष भेटायचं, फोनवर नाही.

चिंचोका, तू शिकच. पण हे विचारायला कुठे शिकवत असतील तर तिथे जा.

वसुधा_वकील

रानजाई, 'प्रत्यक्ष भेटायचं, फोनवर नाही' हे कलम मी उचलतेय. परवानगी असेल असं धरते.

रानजाई

उचला, उचला. आणि हो, आमची सहल दरवर्षी गणपतीपुळ्यालाच असते, त्याला दुसरीकडे आवडत नाही. तेही लिहिलंय दस्तात.

गोळाबेरीज

रानजाईताई, दस्तात कोणाला किती ते ठरलेलं नसून विश्वस्तांच्या मर्जीवर वाटप असेल तर उत्पन्नावर साधारणपणे कमाल दराने कर बसतो, अपवाद आहेत. एकच लाभार्थी आणि त्याचाच पूर्ण हिस्सा असं स्पष्ट लिहिलेलं आहे ना बघून घ्या. खासगी निरोप पाठवा, फी नको.

निळीजांभळी

मी नॉर्थ कॅरोलायनात. मूळ प्रश्न 'पदवी आहे का' असा होता ना? इथून तासाभरावर बुईज क्रीक म्हणून लहानसं गाव आहे, तिथल्या कॅम्पबेल विद्यापीठात ट्रस्ट आणि संपत्ती व्यवस्थापनाची चक्क पदवी मिळते. बारावीनंतरची मुलं विश्वस्ताचं काम शिकतात आणि बँकांच्या ट्रस्ट विभागात लागतात. माझ्या शेजारणीचा मुलगा तिथलाच. त्याला विचारलं तर म्हणाला, अर्धा अभ्यास करांचा आणि गुंतवणुकीचा, उरलेला अर्धा 'दोन बहिणी एकाच घड्याळावर हक्क सांगतात तेव्हा काय बोलायचं' याचा.

पण तिथे शिकून साताऱ्यात त्याचा उपयोग काय? कायदा वेगळा, कर वेगळे. इथे लोक कोर्टाची प्रक्रिया टाळायला जिवंतपणीच घर ट्रस्टमध्ये टाकतात.

गोळाबेरीज

ते पाहून आपल्याकडेही ट्रस्टची फॅशन आली आहे. एकच फ्लॅट असलेल्या माणसाला ट्रस्टची गरज क्वचितच. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला, मुलीला, जोडीदाराला बक्षीसपत्राने द्यायचं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये (अधिभार आणि नोंदणी वेगळी). तोच फ्लॅट ट्रस्टमध्ये टाकताना ही सवलत गृहीत धरू नका.

खडूस पेन्शनर

पण जिवंतपणी बक्षीसपत्र करून देऊ नका हो. सही झाली की चहात साखर कमी पडायला लागते. अनुभव आहे. पुढचं विचारू नका.

उंबरठा

काका...

खडूस पेन्शनर

बरं आहे माझं. साखर तशीही डॉक्टरांनी बंद केली.

दादरचा_दिवा

मुंबईकरांचं दुःखही नोंदवून ठेवतो. आमचे वडील २०१४ ला गेले. मृत्युपत्र केलेलं, नोंदणी केलेली, सगळं चोख. आम्ही तिघं भावंडं, एकाचाही वाद नाही. तरी दादरचा फ्लॅट मुंबईत म्हणून हायकोर्टात प्रोबेट. कोर्ट फी ७५,००० (ती कमाल मर्यादा), वकील वेगळा, वेळ चौदा महिने. माझ्या पुण्याच्या चुलतभावाला तेव्हा यातलं काही लागलं नाही. कारण? मुंबई, कलकत्ता, मद्रास ही इंग्रजांची जुनी शहरं, त्यांच्यासाठी तेव्हा वेगळा नियम होता, तो २०२५ साली काढून टाकला. वडील पुण्याला राहायला गेले असते आणि तिथेच फ्लॅट घेतला असता तर पाऊण लाख वाचले असते. पुणेकर होण्याचा मला माहीत असलेला एकमेव फायदा.

वसुधा_वकील

हे शेवटचं वाक्य मी पुणेकर म्हणून वाचलंच नाही असं समजते.

चिंचोका

एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. पण माझा मूळ प्रश्न: म्हणजे आपल्याकडे असा एक कोर्स नाहीच ना? मग एलएलबी की सीए की अजून काही? शिवाय नोकरीच्या जाहिरातींत 'ट्रस्टी कंपनी' असं दिसतं, ते हेच काम का?

गोळाबेरीज

ट्रस्टी कंपन्यांचं मोठं काम डिबेंचर ट्रस्टीचं. कंपनीने रोखे काढले की गुंतवणूकदारांच्या वतीने तारण सांभाळायचं, सेबीकडे नोंदणी. कुटुंबांचे ट्रस्ट सांभाळणारा विभागही काहींकडे असतो, पण मुलाखतीला जाताना विचारून जा. नाहीतर आत्याचं हक्कसोडपत्र डोळ्यांसमोर ठेवून जाशील आणि पदरी पोलाद कारखान्याचे रोखे.

वसुधा_वकील

माझं मत, चुकीचं असू शकतं: बीकॉमनंतर तीन वर्षांची एलएलबी. सीईटी द्यावी लागते, खुल्या वर्गाला पदवीत ४५ टक्के हवेत. नियमित कॉलेज कर, आणि पहिल्या वर्षापासून दुपारी अशा वकिलाकडे बस जो धर्मादाय कार्यालयात आणि दिवाणी न्यायालयात दोन्हीकडे जातो. आर्थिक बाजू हवी तर सीएफपी (आर्थिक नियोजनकाराची पात्रता) आहे, त्यात वारसा नियोजनाचा भाग असतो, तो पुढे करता येतो. परदेशातल्या मराठी लोकांचं काम करायचं असेल तर लीड्सकर म्हणतात ते 'स्टेप'. सीए वाईट नाही, पण तुला आकडे आवडतात की माणसांची भांडणं, ते तूच ठरव.

पोट भरतं का? पहिली पाच वर्षं हाल. मग भरतं. लोक मरायचे थांबत नाहीत.

आणि गोळाबेरीज, तुम्हाला एक विचारते. इतक्या वर्षांत किती अशिलांनी आपणहून 'मृत्युपत्र करायचंय' म्हटलं?

गोळाबेरीज

बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातले निम्मे हृदयविकारातून उठलेले. आणि खरं सांगायचं तर माझं स्वतःचं झालेलं नाही.

टोमॅटोकेचप

दुसरा स्क्रीनशॉट.

लीड्सकर

मीही भारतातल्या आईबाबांना अजून विचारलेलं नाही. रोज अनोळखी लोकांना विचारते. बाबांना फोनवर विचारायचं म्हटलं की 'पाऊस कसा आहे' यावर गाडी जाते.

रानजाई

प्रत्यक्ष भेटायचं, फोनवर नाही :)

चिंचोका

तीन आठवड्यांनी परत आलोय, धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व. दोन गोष्टी सांगायच्या होत्या.

सीईटीचा फॉर्म भरला. बाबा म्हणाले, "वकील हो, पण पहिली केस आपल्या घरची घेऊ नकोस."

दुसरं, सातवा विश्वस्त सापडला! आजोबांबरोबर शाळेत होते ते गुरुजी, वय ८८, वाईला मुलीकडे असतात. काका आणि मी शेड्यूल वन घेऊन गेलो. चष्मा पुसून दोनदा वाचलं त्यांनी. म्हणाले, "मी तर १९८८ सालीच राजीनामा दिला होता. तुझ्या आजोबांशी भांडून." राजीनाम्याची प्रतही काढून दाखवली, प्लॅस्टिकच्या पिशवीत. पण बदल अर्ज कुणी टाकलाच नव्हता, म्हणून कागदोपत्री ते अजून विश्वस्त.

वसुधा_वकील

हा तर खजिना आहे! कार्यालयाकडे एकुलता एक जिवंत विश्वस्त. राजीनाम्याची प्रत आणि संस्थेची मूळ घटना (नियमावली) दोन्ही घेऊन या, अर्ज काय करायचा ते बघू. राजीनामा दडवायचा नाही बरं का, जे आहे ते लिहायचं. गुरुजी तयार आहेत का?

चिंचोका

तयार आहेत. एक अट घातलीय, भांडण ज्या कपाटावरून झालं होतं ते कपाट वाचनालयातच राहिलं पाहिजे.

खडूस पेन्शनर

गुरुजींना चहा पाजलात की नाही?

चिंचोका

बाहेर हॉटेलात पाजला. त्यांनी पावती मागून घेतली, संस्थेच्या खर्चात दाखवायला.